धोंड्यांचीही नावं लिहून ठेवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

लेक इंग्लंडात डेव्हनला असते, म्हणून गेल्या जूनमध्ये डार्टमूरचा माळ पायांखाली घालता आला. झाडं फारशी नाहीत. गुडघाभर झुडपं, नेचे, पिवळ्या फुलांचं काटेरी गोर्स, मोकळी चरणारी तट्टं, आणि मधूनच टेकडीच्या माथ्यावर उघडा पडलेला ग्रॅनाइट. त्या खडकाला तिथे ‘टॉर’ म्हणतात.

त्यांतला हेटॉर 457 मीटर उंच. दगडावर हात ठेवला आणि देगलूरच्या माळावर असल्यासारखं वाटलं. महाराष्ट्र म्हटलं की सगळ्यांना काळा बसाल्ट आठवतो. पण आमच्या देगलूर-बिलोलीकडे ग्रॅनाइटच आहे, आणि हेटॉरच्या 28 कोटी वर्षांपेक्षा कितीतरी जुना. घडण मात्र सारखी. भेगांतून पाणी मुरून खडक आतल्या आत कुजतो, भुसभुशीत झालेलं वाहून जातं आणि टणक गोटे एकावर एक रचल्यासारखे मागे उरतात.

हेटॉरही फोडला गेलाच. 1820 मध्ये खाणमालक जॉर्ज टेम्पलरने खाणीतून कालव्यापर्यंत गाडीमार्ग घातला, त्याचे रूळसुद्धा ग्रॅनाइटचेच. भरलेल्या गाड्या उताराने खाली जायच्या, रिकाम्या घोडे वर ओढायचे. 1831 च्या लंडन ब्रिजला हा दगड गेला. आज खाणीत पाणी साचलंय, पण ते दगडी रूळ गवतात जागच्या जागी आहेत. त्या खाचेतून मी बराच वेळ चालले.

जवळच बोवरमन्स नोज नावाचा सुळका आहे. बोवरमन शिकारी होता. त्याने चेटकिणींचा विधी उधळला, म्हणून त्यांनी त्याला दगड केलं. त्याचे कुत्रे म्हणजे पलीकडचा हाउंड टॉर. लेकीने ही गोष्ट सांगितली तेव्हा मला आमच्या आजीचा ‘वऱ्हाडाचा धोंडा’ आठवला. नवरा-नवरी देवाला न जाता तसेच पुढे निघाले, आणि अख्खं वऱ्हाड बैलांसकट दगड झालं. तो धोंडा दाखवायला दिवाळीत नातवाला घेऊन गेले, तर तिथे खड्डा होता. खडी करून नेली होती.

दगड फोडूच नका, असं मी म्हणणार नाही. त्यावर पुष्कळांची चूल पेटते. पण टेकडी खाणीला देण्याआधी गावातल्या म्हाताऱ्यांना तिचं नाव आणि गोष्ट विचारा, ग्रामपंचायतीच्या दप्तरी लिहून घ्या, आणि तालुक्यातले एक-दोन माथे तरी तसेच राहू द्या. शाळांनी मुलांना हे काम उन्हाळ्याच्या सुटीत द्यावं.

मी वही केली आहे. अकरा नावं झालीत, त्यांतले चार धोंडे आता जागेवर नाहीत.

एक निवृत्त भूगोल शिक्षिका,
देगलूर, जि. नांदेड