ग्लुटामेट उचलणार कोण?

महोदय,

अजिनोमोटोवरील (म्हणजे मोनोसोडिअम ग्लुटामेटवरील) लेखात आपल्या आरोग्य पुरवणीने ग्लुटामेटला सरसकट ‘मेंदूचे विष’ ठरवले आहे. आहारातले बहुतेक ग्लुटामेट आतड्याच्या पेशीच वापरून टाकतात आणि उरलेल्याला रक्त-मेंदू अडथळा सहसा आत शिरू देत नाही. मेंदू ते स्वतःच बनवतो. मेंदूतले बहुतेक उत्तेजक संदेश ग्लुटामेटवरच चालतात.

खरा प्रश्न संदेश थांबवण्याचा. अ‍ॅसिटिलकोलीन हे दुसरे संदेशवाहक रसायन चेतासंधीतच (दोन चेतापेशींमधल्या फटीत) विकराने, म्हणजे एन्झाइमने, तोडले जाते. ग्लुटामेटसाठी तिथे असा विकर नाही, ते उचलूनच न्यावे लागते. हे काम ईएएटी गटातील पाच वाहक प्रथिनांचे. त्यातले अ‍ॅस्ट्रोसाइट या मेंदूतल्या आधारपेशींवरचे ईएएटी-२ एकटेच सुमारे ९० टक्के भार वाहते. संदेश सुटताच संधीतले प्रमाण १ मिलिमोलरच्या आसपास चढते आणि काही मिलिसेकंदांत उतरते. वाहकाची एक फेरी मात्र याहून कितीतरी सावकाश होते! तरी जमते, कारण रेणू विसरणाने (डिफ्यूजनने) पांगतात आणि वाहक इतके दाट बसलेले असतात की रेणू आधी पकडला जातो, आत नंतर ओढला जातो.

एका ग्लुटामेटबरोबर तीन सोडिअम आयन व एक प्रोटॉन आत येतो, एक पोटॅशिअम बाहेर पडतो. अ‍ॅस्ट्रोसाइट त्याचे ग्लुटामाइन करून चेतापेशीला परत देते. तिथे पुन्हा ग्लुटामेट होते आणि व्हीग्लुट हे वेगळे वाहक ते पुटिकांमध्ये (सूक्ष्म पिशव्यांमध्ये) भरतात.

या सगळ्याची मदार सोडिअम-पोटॅशिअम पंपावर, म्हणजे एटीपी या पेशीच्या इंधनावर. पक्षाघातात रक्तपुरवठा तुटला की काही मिनिटांत एटीपी संपते, आयनांचा उतार (पेशीच्या आत-बाहेरच्या प्रमाणातला फरक) कोसळतो आणि हेच वाहक उलटे चालून ग्लुटामेट बाहेर ओततात. एनएमडीए या ग्लुटामेट-ग्राहींतून कॅल्शिअम घुसते, पेशी मरतात. हे ग्राही अडवणारी औषधे प्राण्यांत चालली, रुग्णांवरील चाचण्यांत फसली. ईएएटी-२ वाढवणारे सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन हे प्रतिजैविकही उंदरांत आशादायक ठरले, पण एएलएस या चेतापेशींच्या आजारावरील मोठ्या चाचणीत निरुपयोगी. म्हणून ‘ग्लुटामेट संतुलित करणाऱ्या’ गोळ्यांच्या जाहिराती संशयानेच वाचाव्यात.

अशा पक्षाघातात रक्तप्रवाह पूर्ववत करणे हाच आज हाती असलेला मुख्य उपाय. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देतात, तेही सीटी स्कॅनमध्ये रक्तस्राव नाही हे पाहून. पुढच्या पुरवणीत ही मुदत आणि चेहरा वाकडा होणे, हात लुळा पडणे, बोलणे अडखळणे ही लक्षणे ठळक छापावीत.

— एक वाचक, पुणे