हॅलोविन एप्रन किटमधील सदोष कापड आणि चुकीच्या आकृतीबाबत तक्रार

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,

महोदय/महोदया,

आपल्या संकेतस्थळावरून मी रेट्रो हॅलोविन एप्रन शिवण्याचे किट मागवले. पावती सोबत जोडली आहे. १९५० च्या दशकातल्या अमेरिकी एप्रनचा घाट, म्हणजे बदामी गळा, कंबरेला चुण्या, खाली झालर आणि कडेने पांढरी नागमोडी लेस. त्यात काळ्या सुती कापडावर दात विचकणारे भोपळे, पडके घर नि वटवाघळे. माझी मुलगी न्यू जर्सीत असते. ३१ ऑक्टोबरला दारावर खाऊ मागायला येणाऱ्या मुलांसमोर तिने हा घालावा, एवढ्या हौसेने मी तो शिवायला घेतला होता.

कापडावरची नक्षी एकाच दिशेची आहे. तरीही कापडावर तुकडे कसे मांडून कापायचे हे दाखवणाऱ्या आपल्या आकृतीत छातीचा तुकडा उलटा मांडला आहे. तो वर रुंद आणि कंबरेकडे निमुळता असल्याने उलटा ठेवला की खिशाशेजारी बसतो आणि कापड वाचते, हे उघड आहे. पण तसा बेतला तर ऐन छातीवर भोपळ्यांची तोंडे उलटी येतात आणि घराचे छप्पर खाली जाते. वटवाघळे उलटी खपली असती. चेहरे खपत नाहीत. तुकडा सुलटा करून पाहिला, तर ४४ इंच पन्ह्याच्या आपल्या एक मीटर कापडात झालरीच्या पट्ट्या बसत नाहीत. शिवणीसाठी कडेला मायाही सोडायला उरत नाही. खोक्यावरच्या फोटोत मात्र सगळे भोपळे सरळ आहेत! म्हणजे तो नमुना जास्त कापडातून शिवलेला असणार.

दुसरी गोष्ट याहून गंभीर आहे. आपल्या माहितीपत्रकातली पहिलीच सूचना ‘कापणीआधी कापड धुऊन घ्या’ अशी आहे. कापड साध्या गार पाण्यात भिजवताच पाणी काळे झाले. लेसचा एक तुकडा त्याच पाण्यात घालून पाहिला, तो राखाडी होऊन निघाला. एप्रन ही रोज धुण्याची वस्तू. पहिल्याच धुण्यात पांढरी लेस मळकी दिसणार असेल, तर ती शिवायची कशाला?

आपल्या ग्राहक सेवेने फोनवर सांगितले की भिजवलेले कापड परत घेतले जात नाही. आपल्याच सूचनेप्रमाणे भिजवले, तर तेच कारण पुढे करून परतावा नाकारणे मला मान्य नाही. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे सदोष किंवा जाहिरातीपेक्षा वेगळा माल परत घेण्यास विक्रेत्याला नकार देता येत नाही.

किटची पूर्ण रक्कम आणि परत पाठवण्याचा कुरिअर खर्च मला मिळावा. तसेच आकृती दुरुस्त करून, पुरेसे कापड देईपर्यंत या किटची विक्री थांबवावी. नवशिक्या मुली आकृतीवर विसंबून थेट कात्री चालवतात. याच नियमांनुसार ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण अपेक्षित आहे. तसे न झाल्यास मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ या क्रमांकावर, तक्रार नोंदवीन.

धुतलेले कापड, लेसचा राखाडी तुकडा आणि आकृतीचे फोटो सोबत पाठवत आहे.

आपली,
एक ग्राहक, पुणे