तो एक तास म्हणजे थाप नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीत 'इंटरस्टेलर'वर आलेला लेख वाचला. चित्रपट २०१४चा, मानवजातीसाठी नवे घर शोधायला अंतराळात निघालेल्या एका बापाचा, बहुतेक वाचकांनी पाहिलेला, त्यामुळे कथा सांगत बसत नाही. आपल्या समीक्षकांना तो आवडला नाही याबद्दलही माझे काही म्हणणे नाही. पण त्यांनी दोन वाक्ये अशी लिहिली आहेत की रात्री अंथरुणावर पडल्यावरही ती डोक्यातून जाईनात. पाण्याच्या ग्रहावरचा एक तास म्हणजे पृथ्वीवरची सात वर्षे, ही 'प्रेक्षकांना रडवण्यासाठी मारलेली थाप' आहे, हे पहिले. आणि मानवजात वाचवायला निघालेला नायक घरून आलेल्या निरोपांपुढे 'हुंदके देत बसतो', हे दुसरे.

आधी थापेचे बघू. या चित्रपटाचे वैज्ञानिक सल्लागार होते किप थॉर्न, ज्यांना पुढे २०१७ साली गुरुत्वीय लहरींच्या शोधासाठी भौतिकशास्त्राचे नोबेल विभागून मिळाले. एका तासाला सात वर्षे ही अट दिग्दर्शक नोलन यांनी घातली, तेव्हा हे अशक्य आहे असे खुद्द थॉर्न यांनाही वाटले होते. म्हणजे समीक्षकांना जी शंका आली तीच. फरक इतकाच की थॉर्न यांनी बसून गणित केले. हा ग्रह एका कृष्णविवराजवळ आहे, म्हणजे ज्याच्या गुरुत्वाकर्षणातून प्रकाशही सुटत नाही अशा वस्तूजवळ; आणि गुरुत्वाकर्षण जितके जबर तितका काळ संथ. कृष्णविवर जर कमाल मर्यादेच्या अगदी निकट वेगाने स्वतःभोवती फिरत असेल आणि ग्रह त्याच्या पुरेसा जवळ असेल, तर तिथला काळ पृथ्वीच्या तुलनेत सुमारे ६१ हजार पट संथ चालू शकतो, असे उत्तर आले. असा ग्रह कुणाला सापडलेला नाही. पण निसर्गाचा नियम मोडलेला नाही, आणि ज्यात नियम मोडलेला नाही त्याला थाप म्हणत नाहीत.

आणि काळ सगळीकडे सारखा चालत नाही हे पाहायला कृष्णविवरापर्यंत जायलाही नको. आपण रस्ता शोधायला मोबाइल काढतो तेव्हा जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून वेळ सांगत असतात. तिथे गुरुत्वाकर्षण कमी, म्हणून घड्याळ दिवसाला साधारण ४५ मायक्रोसेकंद (सेकंदाचा दहा लाखावा भाग म्हणजे एक मायक्रोसेकंद) पुढे जाते. उपग्रहाच्या वेगामुळे ७ मायक्रोसेकंद मागे पडते. उरले ३८. एवढ्या वेळात प्रकाश ११ किलोमीटरांहून जास्त अंतर कापतो. ही दुरुस्ती धरली नाही, तर एका दिवसातच जागा सांगण्यात किलोमीटरांची चूक होऊ लागेल.

हे मी पुस्तकातून वाचून सांगतो आहे, पण घड्याळाची चूक म्हणजे काय हे मला हाताने ठाऊक आहे. मी व्यापारी जहाजांवर सेकंड ऑफिसर होतो. जीपीएस तेव्हा नव्हते. जहाजाची जागा काढायला अचूक वेळ लागे आणि ती क्रोनोमीटर, म्हणजे जहाजावरचे अचूक घड्याळ, सांगे. क्रोनोमीटरला रोज ठरलेल्या वेळी चावी देणे, रेडिओवरच्या वेळेच्या ठोक्यांशी तो ताडून पाहणे आणि फरक वहीत लिहिणे हे माझे काम. विषुववृत्तावर चार सेकंदांची चूक म्हणजे जहाजाच्या जागेत एका सागरी मैलाची चूक. म्हणून या चित्रपटातले घड्याळ मला फार जवळचे वाटते. निघताना नायक आपल्या मुलीला मनगटी घड्याळ देतो, तसलेच एक आपल्या हातात ठेवतो आणि म्हणतो की मी परतलो की दोन्ही शेजारी धरून बघू. ती ते फेकून देते. दहा वर्षांच्या मुलीलाही त्या वाक्यातून कळले की बाप कधी परतणार हे त्याला स्वतःला माहीत नाही. समीक्षकांच्या लेखात या घड्याळाचा उल्लेखही नाही.

आता हुंदक्यांचे. १९८१ साली मी एका मालवाहू जहाजावर होतो. मुलगी दोन वर्षांची. पत्नी साधारण दर दहा दिवसांनी पत्र लिही आणि पाकिटावर कोपऱ्यात क्रमांक टाकी, कारण पत्रे क्रमाने पोचत नसत. दर महिन्याच्या पहिल्या पत्रात ती मुलीच्या उंचीइतका दोरा कापून घडी करून ठेवी. त्या खेपेला जहाजाला मधेच नवी ऑर्डर आली आणि ज्या बंदरात आमचे टपाल जमले होते तिथे आम्ही गेलोच नाही. चार महिने एकही पत्र नाही. मग एका सकाळी एजंट शिडीवरून वर आला आणि माझ्या हातात बारा पत्रांचा गठ्ठा पडला. क्रमांक १४ ते २५.

आमचे कॅप्टन जुने, अनुभवी. ते म्हणाले, "शेवटचं आधी फोड. घरी सगळं ठीक आहे एवढं कळलं की बाकीची निवांत वाच." मी ऐकले नाही. मला चार महिने जसे घडले तसे हवे होते. चौदापासून सुरुवात केली. पंधरात अण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, खोकला होता. सतरात त्यांना दवाखान्यात ठेवले होते. अठरात शेवटच्या चार ओळी त्यांनी स्वतः लिहिल्या होत्या. अक्षर हलले होते, पण मजकूर नेहमीचाच: पगार वेळेवर होतो ना, डेकवर उघड्या डोक्याने फिरू नकोस. एकोणिसाव्या पाकिटावर क्रमांक पत्नीच्या हातचा होता, आत अक्षर धाकट्या भावाचे. अण्णांना जाऊन अडीच महिने झाले होते. मधल्या काळात मी त्यांच्या नावाने दोन पत्रे टाकली होती. एकात खोकल्याच्या जुन्या औषधाची आठवण करून दिली होती. ती दोन्ही घरी पोचली.

भावाने त्याच दिवशी कंपनीच्या कार्यालयात तार केली होती. ती तिथेच राहिली. जहाजावर रेडिओ होता, रेडिओ ऑफिसर होता, माल आणि इंधनाबद्दल त्याच कार्यालयाचे संदेश रोज येत होते. नंतर विचारले तेव्हा उत्तर मिळाले की समुद्रात कळवून उपयोग काय, माणूस खचतो आणि कामात चुका करतो. उपयोग काय हे ठरवायचा अधिकार त्यांना कोणी दिला होता? चाळीस वर्षे उलटली तरी मी त्यांना माफ केलेले नाही.

त्या दिवशीही माझी बारा ते चारची वॉच, म्हणजे पहाऱ्याची पाळी, होती आणि ती मी केली. नंतर चार दोरे चार्टच्या टेबलावर शेजारी ताणून ठेवले आणि नकाशावर अंतर मोजतो त्या डिव्हायडरने फरक मोजला. सव्वा इंच. अण्णा गेले त्याच चार महिन्यांत मुलगी सव्वा इंच वाढली होती.

२०१४ साली त्याच मुलीने मला हा चित्रपट दाखवला. ग्रहावर सव्वातीन तासांच्या आसपास घालवून नायक यानात परततो तेव्हा २३ वर्षे, ४ महिने, ८ दिवस उलटलेले असतात. इतक्या वर्षांचे निरोप साठले आहेत असे यंत्र सांगते, आणि तो ते पहिल्यापासून लावायला सांगतो. शेवटचा आधी बघत नाही. समोर मुलगा मोठा होतो, लग्न करतो, त्याचे मूल जाते, आजोबा जातात. मग तो मुलगाही बापाची वाट बघणे सोडून देतो. बापाला उत्तर देता येत नाही, कारण निरोप येतात पण तिथून बाहेर काही जात नाही; आणि ऐकणारी माणसे तर केव्हाच पुढे निघून गेलेली असतात. मुलीने अंधारात माझा हात धरला आणि मध्यंतरानंतरही सोडला नाही. याला समीक्षक 'हुंदके देत बसणे' म्हणतात. तो माणूस मानवजात वाचवायला निघाला होता म्हणजे नेमके कोणाला वाचवायला निघाला होता, असे त्यांना वाटते? त्याला मानवजातीतली नावानिशी माहीत असलेली माणसे तीच होती.

चित्रपटात दोष नाहीत असे मी म्हणत नाही. दुसऱ्या ग्रहावरचे गोठलेले ढग मलाही खटकले. बर्फ तेवढा भार पेलणार नाही हे थॉर्न यांनीही मान्य केले आहे. कृष्णविवराच्या आतला शेवटचा भाग मला आजही पुरता पटत नाही. यावर समीक्षकांनी लिहिले असते तर मी आनंदाने वाचले असते. त्यांनी नेमका भक्कम खांब पोकळ ठरवला.

आणखी एक. लेखासोबतच्या चित्राखाली 'कृष्णविवराचे छायाचित्र' असे छापले आहे. ते चित्रपटातले, संगणकावर तयार केलेले चित्र आहे. समीकरणे वापरून केले आहे, पण छायाचित्र नव्हे. कृष्णविवराचे पहिले खरे छायाचित्र, म्हणजे त्याच्या सावलीचे आणि भोवतालच्या तेजस्वी कड्याचे, १० एप्रिल २०१९ रोजी प्रसिद्ध झाले. ते एम८७ या सुमारे साडेपाच कोटी प्रकाशवर्षे दूर असलेल्या दीर्घिकेच्या केंद्रातले आहे. त्यात कड्याची एक बाजू जास्त उजळ दिसते, कारण तिथला तप्त वायू आपल्या दिशेने धावत असतो. चित्रपटाच्या चित्रात दोन्ही बाजू जवळपास सारख्या आहेत. प्रेक्षक गोंधळतील म्हणून हा फरक मुद्दाम वगळला गेला. दोन्ही चित्रे शेजारी ठेवली असती तर लहान मुलांनाही हे दाखवता आले असते. ज्या लेखात चित्रपटाला थापाड्या म्हटले, त्याच लेखात वृत्तपत्राने असे करू नये.

चित्राचा खुलासा कृपया छापावा. पत्र लांबले आहे याची कल्पना आहे. जागेअभावी कापावे लागले तर क्रोनोमीटरचा परिच्छेद कापा, अण्णांचा कापू नका.

आपला,
एक निवृत्त नौकाधिकारी