जमीन सोडा म्हणता, पण त्यावरच्या माणसांचे काय?

महोदय,

कालच्या अंकातील युक्रेनवरचा अग्रलेख वाचल्यापासून मी अस्वस्थ आहे. थोडी जमीन सोडली तर युद्ध थांबेल, इतिहासात असे अनेकदा झाले आहे, असे आपण लिहिता. झाले आहे, हे खरे. पण ज्यांच्या घरांवरून ती रेघ गेली त्यांचे पुढे काय झाले, यावर अख्ख्या अग्रलेखात एक ओळ नाही. आम्हा कोल्हापूरकरांना विचारले असते तरी सांगितले असते.

वळिवड्याला 1943 ते 1948 पोलिश निर्वासितांची छावणी होती. सुमारे पाच हजार माणसे, बहुतेक बायका आणि मुले. 1939 मध्ये हिटलर आणि स्टालिनने पोलंड वाटून घेतला. पूर्वेकडच्या या लोकांना मालगाड्यांत कोंबून सैबेरिया, कझाकस्तानला धाडले. त्यातून वाचलेले इराणमार्गे इथवर पोहोचले. माझे आजोबा उचगावहून छावणीत दूध घालत. आई तेव्हा दहा वर्षांची, मापे घेऊन बरोबर जायची. लढाई संपली तेव्हा आजोबांनी रोजच्या एका बाईला विचारले, "आता घरी जाणार की तुम्ही!" बाईने ओल्या बोटाने पायरीवर रेघ ओढली, अलीकडे एक टिंब काढले आणि स्वतःच्या छातीवर हात ठेवला. मग ती रेघ तळहाताने पुसून टिंबाच्या अलीकडून ओढली; टिंब रेघेपलीकडे गेले. आईला वाटले, खेळच आहे काहीतरी. बाई रडायला लागली तेव्हा ती घाबरली.

त्या बाईचे गाव लविव, तेव्हा पोलंडमधले. 1945 मध्ये याल्टाच्या परिषदेत रूझवेल्ट, चर्चिल आणि स्टालिन या तिघा बड्यांनी पोलंडची सीमा सरकवली, लविव सोव्हिएत संघात गेले आणि जिंकलेल्या बाजूची असूनही ती बेघर झाली. छावणी उठल्यावर तिथे सिंधी निर्वासित आले, तेच आजचे गांधीनगर.

म्युनिक कराराचा दाखला आपण दिलात, तोही अर्धाच. 1938 मध्ये चेकोस्लोव्हाकियाचा सुडेटनलँड हा सीमाभाग हिटलरला देऊन टाकताना चेक प्रतिनिधींना बैठकीत बसूही दिले नव्हते, आणि साडेपाच महिन्यांत जर्मन फौजा प्रागमध्ये होत्या. बुडापेस्टच्या कराराचे तर नावच नाही. 1994 मध्ये युक्रेनने अण्वस्त्रे सोडली, तेव्हा त्याच्या सीमा मानू असे रशिया, अमेरिका, ब्रिटन यांनी लिहून दिले होते. वीस वर्षांत रशियानेच युक्रेनचा क्रिमिया घेतला. या वेळी जमीन मिळाली की रशिया थांबेल, हे आपण कशाच्या भरवशावर लिहिता?

लविव आज युक्रेनमध्ये आहे. ते शहर गमावलेल्या पोलंडनेच 2022 मध्ये युक्रेनच्या लाखो बायामुलांना घरांत घेतले. हे छापले असते तर वाचकांना इतिहास कळला असता.

आणखी एक. अग्रलेखासोबतच्या नकाशात क्रिमिया रशियाच्याच रंगात दाखवला आहे, खाली खुलासाही नाही. मुले असे नकाशे कापून वहीत चिकटवतात. मी तीस वर्षे शाळेत इतिहास शिकवला आहे, म्हणून सांगतो. दुरुस्त नकाशा त्याच पानावर, त्याच आकारात छापावा.

– एक निवृत्त शिक्षक, कोल्हापूर