लॅटिन होती तोवर भांडण नव्हतं

खानापूर, जि. बेळगाव

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार. जुन्या लॅटिन मिस्सेचे (कॅथलिक चर्चमधल्या मुख्य उपासनेचे) व्हिडिओ बघून तू भारावलायस आणि दुसऱ्या व्हॅटिकन कौन्सिलने, म्हणजे जगभरच्या बिशपांच्या सभेने, सगळं मोडलं म्हणतोस. लेका, तुझं ते जुनं तरी किती जुनं? ईस्टरची जागरण-मिस्सा शनिवारी सकाळीच उरकायचे. ती परत रात्री करायची मोकळीक पोप बाराव्या पायसनी दिली 1951 साली. ईस्टरआधीच्या पवित्र सप्ताहाचे विधीही त्यांनीच 1955 साली बदलले. कौन्सिल भरलं त्यानंतर, 1962 ला. त्याचा उपासनेवरचा दस्तऐवज (4 डिसेंबर 1963) वाच. भाषेबद्दल त्यात एवढंच आहे: लॅटिन राखा, लोकभाषेला जास्त वाव द्या. पुढे लॅटिन पार दाराबाहेर गेली, ते मलाही खटकतं.

पण आमची आजी सांगायची, फादर पाठमोरे उभे राहून तोंडातल्या तोंडात प्रार्थना म्हणायचे आणि बायका इकडे आपला तेर्स (जपमाळेची प्रार्थना) चालू ठेवायच्या. घंटा वाजली की बोटातला मणी जागच्या जागी थांबायचा, नजर वर. फादरांनी उंच धरलेली ओस्ती (पवित्र भाकर) खाली आली की मणी पुढे सरकला. भक्ती होती, कोण नाही म्हणतं? पण मिस्सा तिकडे आणि बायका इकडे.

1969 साली पोप सहाव्या पॉलनी नवा मिस्साग्रंथ जाहीर केला. त्या दशकात मिस्सा लोकांच्या भाषेत आली, आणि आपल्याकडे प्रश्न उभा राहिला: कुठल्या लोकांच्या? घरात कोंकणी, बाजारात मराठी, कचेरीत कन्नड, पोरांच्या शाळेत इंग्रजी. लॅटिन कुणालाच कळत नव्हती, त्यामुळे तिच्यावरून कुणी भांडलंही नाही. आता सणाच्या मिस्सेला पहिलं वाचन कोणत्या भाषेत, यावरून बैठकीत अशी जुंपते की सीमाप्रश्नाची सभा परवडली! मराठीचं एक गीत गळलं तर आमचे काका रुसून शेवटच्या बाकावर. मला ते रुसणं आवडतं. तेर्स म्हणत बसलेल्या आजीला रुसायला कारणच नव्हतं.

मिस्सेतल्या आरतीच्या ताटाला तू नाक मुरडतोस. पंचारती, हात जोडून नमस्कार, ही मुभा रोमने भारताला 1969 सालीच दिली. पण इंग्रज मिशनरी फादर स्टीफन्सनी ख्रिस्तपुराण मराठी ओवीत रचलं, ते छापलं गेलं 1616 ला. मग नवं कशाला म्हणायचं?

एक मात्र तुझं मान्य. पोप बेनेडिक्टनी 2007 साली जुन्या मिस्सेला दिलेली मोकळीक पोप फ्रान्सिसनी 2021 साली फारच आवळली. ज्यांचं मन तिथे रमतं, त्यांना रमू द्यावं.

नाताळला ये. एक लॅटिन गीत ठेवायला फादर तयार आहेत. बाकीची कुठल्या भाषेत, ते ठरवायच्या बैठकीला मी तुलाच बसवणार आहे.

तुझाच,
खानापूरकर