बाबांची पाठ आणि आईची बटणं

ती. बाबा, ती. आई,
सा. न.

बाबा, तुमचा एमआरआयचा रिपोर्ट दोनदा वाचला. 'मणके जोडून टाकू, एकदाची कटकट संपेल,' असं डॉक्टर म्हणाले ना? फोनवर मी काही विचारलं की तुम्ही विषय बदलता, म्हणून लिहितेय.

'एल-४ एल-५ ची गादी झिजून थोडी बाहेर आली आहे' हे वाचून तुम्ही हबकलात. एल-४ एल-५ म्हणजे कमरेचा चौथा आणि पाचवा मणका, गादी त्यांच्यामधली. अहो, तुमच्या वयाच्या ज्या माणसाची पाठ कधी दुखलीच नाही, त्याच्याही एमआरआयमध्ये हे सर्रास सापडतं. गादी झिजलीय हे खरं, पण दुखतंय ते तिच्यामुळेच कशावरून?

या ऑपरेशनमध्ये झिजलेली गादी काढतात, तिथे केज, म्हणजे छोटासा पिंजरा, बसवून हाडाचा चुरा भरतात आणि स्क्रू-सळयांनी दोन्ही मणके आवळून ठेवतात. स्क्रू फक्त धरून ठेवतात, सांधतं ते हाडच. त्याला सहा महिने, कधी वर्षही लागतं. १९११ साली न्यूयॉर्कमध्ये हिब्ज आणि अल्बी या दोन सर्जननी हे ऑपरेशन सुरू केलं तेव्हा असे स्क्रू नव्हतेच. मणक्याच्या क्षयाने पाठ वाकत जायची, ती थांबवायला त्यांनी हाडाला हाड जोडलं. आजही मणका पुढे सरकला असेल, मोडला असेल, कणा वाकत चालला असेल तर या ऑपरेशनला तोड नाही. पण नुसती गादी झिजून कंबर दुखत असेल, तर नेटाने केलेला व्यायाम आणि ऑपरेशन यांच्या निकालात फारसा फरक पडत नाही, असं अभ्यासांत दिसलंय. शिवाय जोडलेला मणका हलत नाही, त्याचा भार शेजारच्यावर पडतो.

तुमचा मणका जागेवरून सरकतोय का? पुढे-मागे वाकवून एक्स-रे काढला होता का, एवढं विचारा. दुसऱ्या सर्जनलाही दाखवू. आणि सिगारेट! 'सोडली' म्हणता आणि गच्चीवर जाता, मला माहीत आहे. निकोटिनमुळे हाड नीट जुळत नाही, मग स्क्रू ढिले होतात.

आई, आता तू. खरं तर तुझ्यापासूनच सुरुवात करायला हवी होती.

गेल्या खेपेला तू स्वेटर घालत होतीस. तिसरं बटण चार वेळा निसटलं. 'चष्म्याचा नंबर वाढलाय,' म्हणालीस. पण बटण लावताना तू कधी खाली बघतेस का गं? बोटांनीच तर लावतेस. रात्री उठलीस तेव्हा भिंतीला हात लावत गेलीस. आणि परवाच्या चिठ्ठीतलं अक्षर तुझं वाटलंच नाही. मान फारशी दुखत नाही म्हणून तू गप्प. मानेत मज्जारज्जू दबत असेल तर असंच होतं, दुखणं कमी आणि हातापायांचा ताबा सुटत जातो. गेलेली ताकद पुरती परत येईलच असं नाही, म्हणून तिथे वाट बघायची नसते.

समजा, जोडायची वेळ आलीच तर बऱ्याचदा गळ्याच्या पुढून छोटा छेद घेतात. काही दिवस गिळायला त्रास होतो, आवाज बसतो. मान लाकडासारखी होईल या भीतीने तू नाही म्हणशील, पण मान वळवण्याचं निम्मं काम सगळ्यात वरच्या दोन मणक्यांत होतं आणि हे ऑपरेशन सहसा त्यांच्या खाली असतं.

दोघांपैकी कुणालाही लघवी अडली, बैठकीची जागा बधिर झाली किंवा पाऊल उचलेनासं झालं, तर माझी वाट न बघता तडक हॉस्पिटल गाठा.

बाबा, तोवर कशावरही सही करू नका. मी बुधवारी रात्री पोचते. गुरुवारी सकाळी अकराची वेळ घेतलीय. तुमच्या नावाने नाही, आईच्या.

तुमची,
धाकटी