वर सरकलेल्या पट्ट्याबद्दल आभार

आदरणीय मॅडम,

सादर नमस्कार.

माझ्या प्रबंधातील लेट-७ या मायक्रोआरएनएवरचे (जनुकांना आवर घालणाऱ्या चिमुकल्या आरएनएवरचे) प्रकरण अखेर पूर्ण झाले. ज्या एका जेलवर (आरएनएचे तुकडे लांबीनुसार वेगळे करणाऱ्या थरावर; आखूड तुकडे खाली जातात, लांब वर राहतात) ते उभे आहे, ते मी टाकून द्यायला निघाले होते आणि आपण मला थांबवलेत, म्हणून हे पत्र.

भ्रूणीय मूलपेशींत लेट-७ चा लांब, प्राथमिक आरएनए मुबलक असूनही सुमारे २२ न्यूक्लिओटाइडांचा तयार मायक्रोआरएनए जवळजवळ का सापडत नाही, हा माझा प्रश्न होता. केंद्रकात ड्रोशा आणि डीजीसीआर८ ही प्रथिने लांब आरएनएमधून केसांच्या पिनेसारखा दुमडलेला तुकडा कापून काढतात, एक्स्पोर्टिन-५ तो केंद्रकाबाहेर नेते आणि डायसर त्याची अखेरची छाटणी करते, हा क्रम मला पाठ होता. पण यातल्या प्रत्येक पायरीवर इतर प्रथिनांचा पहारा असतो, याकडे मी कधी गांभीर्याने पाहिले नव्हते.

किरणोत्सारी खूण लावलेला प्री-लेट-७, म्हणजे लेट-७ चा तो दुमडलेला तुकडा, पेशींच्या अर्कात मिसळला, की डायसरने कापलेला छोटा तुकडा जेलमध्ये खाली दिसायला हवा होता. प्रत्यक्षात मूळ पट्ट्याच्या वर एक धुरकट, शिडीसारखा डाग उमटला आणि मी वहीत ‘अर्क खराब’ असे लिहून मोकळी झाले. आपण त्या जेलची फिल्म उजेडात धरून एवढेच विचारलेत, की जे तुटायचे ते लांब कसे झाले? अभिक्रियेत मी सवयीने चारही न्यूक्लिओटाइड घातले होते. आपल्या सांगण्यावरून त्यातले यूटीपी, म्हणजे युरिडिन पुरवणारे न्यूक्लिओटाइड, वगळले आणि डाग नाहीसा झाला. लिन२८ हे प्रथिन काढून टाकलेल्या अर्कातही तो अगदी फिका राहिला.

लिन२८ प्री-लेट-७ च्या वेटोळ्याला चिकटून टीयूटी४ या विकराला बोलावून घेते, ते टोकाला युरिडिनांची शेपटी जोडते, शेपटीवाला तुकडा डायसर कापत नाही आणि डीआयएस३एल२ हे आरएनए कुरतडणारे विकर त्याचा फडशा पाडते. हे सारे २००८ पासून टप्प्याटप्प्याने छापून आलेले आहे आणि मी ते वाचलेही होते. वाचलेले स्वतःच्या जेलवर मात्र ओळखता आले नाही, याची लाज वाटते.

त्याहून विलक्षण गोष्ट आपण नंतर दाखवलीत. लिन२८ नसेल तेव्हा हेच टीयूटी४ टोकाला एकच युरिडिन लावते, आणि लेट-७ कुळातील बहुतेकांचे टोक मुळात एका न्यूक्लिओटाइडने आखूड असल्यामुळे तेवढ्यानेच डायसरचे काम सोपे होते. तारणारा आणि मारणारा हात एकच, फक्त शेजारी कोण उभे आहे त्यावर सारे ठरते. एचएनआरएनपी ए१ या आरएनएला चिकटणाऱ्या प्रथिनाचे उदाहरणही आपलेच: एकाच लांब आरएनएमधून निघणाऱ्या सहा मायक्रोआरएनएंपैकी ते नेमक्या मिआर-१८ए च्या कापणीला हातभार लावते. प्रकरणाचा शेवटचा भाग या दोन गोष्टींवरच बेतला आहे.

ती फिल्म प्रबंधात धुरकट डागासह जशीच्या तशी छापली आहे. वहीतली ‘अर्क खराब’ ही नोंदही खोडलेली नाही. तिच्याखाली आपला प्रश्न तारखेसह लिहून ठेवला आहे.

आपली कृतज्ञ,
एक विद्यार्थिनी